आधी प्रेस थांबते का ते बघा, मग सेन्सर घ्या: प्रेस शॉपमध्ये हात वाचवण्याचे काम टप्प्याटप्प्याने

भोसरीतल्या एका शॉपमध्ये मी डाय सेटर (प्रेसमध्ये डाय म्हणजे साचे बसवणारा) होतो तेव्हाची गोष्ट. तीसेक टनाची जुनी सी-फ्रेम प्रेस, रोलिंग की क्लच (फिरत्या चाकाचा जोर एका किल्लीने, म्हणजे 'की'ने, शाफ्टला जोडणारा), खाली पायाचे पेडल. मोठ्या गिऱ्हाइकाचे ऑडिट यायचे होते म्हणून मालकांनी घाईने त्या प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा, लावून घेतला. पिवळे दोन खांब, एकावर हिरवा दिवा, मध्ये हात घातला की लाल. ऑडिटरने स्वतः हात घालून बघितला, दिवा लाल झाला, मोटर बंद पडली, फोटो निघाला. महिनाभरात त्याच प्रेसवर सेकंड शिफ्टच्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी धावत पोचलो तेव्हा फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) अजून फिरत होते आणि कर्टनचा दिवा लाल होता.

म्हणजे सेन्सरने हात पाहिला होता, मोटरही बंद केली होती. पण रोलिंग की एकदा गुंतली की मोटर चालू असो नाहीतर बंद, फ्लायव्हीलमधला जोर रॅमला (वरून खाली येऊन ठोकणाऱ्या भागाला) खाली नेऊन फेरी पूर्ण करूनच सोडतो. त्या प्रेसला मध्येच थांबणे माहीतच नव्हते. तिच्यासमोर जगातला सगळ्यात महागडा सेन्सर ठेवला असता तरी तेच झाले असते.

चाकण, भोसरी, तळवडे, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यांत गाड्यांचे सुटे भाग ठोकणारी छोटी-मोठी शॉप्स गल्लोगल्ली आहेत. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. त्यात बोटे आणि हात घेणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस वर्षानुवर्षे सगळ्यात वर आहे. पुढचे सगळे अशा शॉपच्या मालकांसाठी, सुपरवायझरसाठी आणि मेंटेनन्सवाल्यांसाठी लिहिले आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्या. उलट क्रमाने घेतल्या की काय होते ते वर सांगितलेच.

पहिली पायरी: प्रेस ओळखा

एक वही घ्या आणि प्रत्येक प्रेसपुढे उभे राहा. टनेज नंतर लिहा, आधी क्लच कोणता ते लिहा. ढोबळ जाती दोन. एक, की क्लच: रोलिंग की किंवा पिनवाला. हा एकदा लागला की क्रँकशाफ्ट पूर्ण फेरी मारणारच. दुसरा, फ्रिक्शन क्लच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो हवेवर चालतो, म्हणून त्याला न्यूमॅटिक क्लच म्हणतात. हवा भरली की क्लच धरतो, हवा सोडली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक बसतो आणि रॅम कुठल्याही कोनात थांबू शकतो.

इथे एक फसगत ठरलेली. पुष्कळ शॉप्समध्ये की क्लचच्या प्रेसला पेडलच्या जागी छोटा एअर सिलिंडर लावलेला असतो. बटण दाबले की सिलिंडर सळई ओढतो आणि की सुटते. बाहेरून बघणाऱ्याला हवेची नळी दिसते, सोलेनॉइड व्हॉल्व्ह दिसतो, बटणे दिसतात. मालकही बिनधास्त सांगतात, "आमची न्यूमॅटिक आहे." ती न्यूमॅटिक नव्हे. हवा फक्त खटका ओढते, क्लच जुनाच. खऱ्या न्यूमॅटिक क्लचमध्ये हवेची नळी फिरत्या जोडातून थेट शाफ्टच्या टोकाला गेलेली दिसते.

शंका असेल तर करून बघा. डाय काढून घ्या, सगळ्यांना लांब उभे करा, एक स्ट्रोक द्या आणि रॅम खाली येत असताना इमर्जन्सी स्टॉप दाबा. रॅम मध्येच थांबला तर थांबणारी प्रेस. खाली जाऊन वर येऊन मगच थांबला तर न थांबणारी. वहीत तेवढेच दोन शब्द लिहा: थांबते, थांबत नाही. पुढचा सगळा खर्च या दोन शब्दांवर ठरणार आहे.

त्याच फेरीत आणखी एक नोंद करा: या प्रेसवर ऑपरेटरचा हात डायमध्ये नेमका कशासाठी जातो? ब्लँक (कापलेला पत्रा) ठेवायला, जॉब (ठोकून झालेला भाग) काढायला, स्क्रॅप ओढायला, की तेल लावायला? सुपरवायझरला विचारू नका, तो "हात जातच नाही" म्हणेल. अर्धा तास बाजूला उभे राहून मोजा. एका प्रेसवर ब्लँक चिमट्याने ठेवत होते, सगळे नियमात. पण दर दहा-बारा स्ट्रोकांनंतर अडकलेला स्क्रॅपचा तुकडा काढायला बोट आत जात होते आणि पाय तोवर पेडलवरच असायचा.

थांबत नसेल तर

की क्लचच्या प्रेसला लाइट कर्टन संरक्षण म्हणून चालत नाही. अमेरिकेच्या मेकॅनिकल पॉवर प्रेसच्या नियमांत, ज्यांना कलम १९१०.२१७ म्हणतात, पूर्ण फेरीच्या क्लचवर असा सेन्सर वापरायला थेट मनाई आहे. कारण तुम्ही वर वाचलेच.

"मग दोन हातांची बटणे लावू," हे पुढचे उत्तर ठरलेले असते. हिशेब करून बघा. समजा प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकची, म्हणजे एका फेरीला एक सेकंद. क्लचला फेरीत की धरायची एकच जागा. बटण दाबले त्याच क्षणी ती जागा नुकतीच निघून गेली असेल तर की लागायलाच एक सेकंद, मग रॅम खाली यायला अर्धा. एकूण दीड सेकंद. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने जातो असे त्याच नियमात धरतात. म्हणजे बटणे डायपासून २.४ मीटर लांब हवीत! की धरायच्या दोन जागा असल्या तरी १.६ मीटर. असल्या प्रेसवर डायपासून हातभर अंतरावर लावलेली दोन बटणे मी किती तरी ठिकाणी पाहिली आहेत. बटण सोडून हात आत न्यायला दीड सेकंद म्हणजे भरपूर वेळ. पीस रेटवर काम करणाऱ्याला तर तो झोपेत जमतो.

शिवाय की क्लचचा दुसरा रोग म्हणजे डबल स्ट्रोक. कीची स्प्रिंग तुटली, खटका झिजला किंवा शाफ्टचा ब्रेक ढिला झाला की पेडल न दाबता रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. ऑपरेटर निवांत जॉब काढत असतो आणि वरून फटका बसतो. प्रेस एकदा जरी अशी वागली तरी त्याच क्षणी बंद. "बघू, पुन्हा केले तर सांग" हे वाक्य ज्या शॉपमध्ये ऐकू येते तिथे माझ्या पोटात गोळा येतो.

मग या प्रेसवर करायचे काय? तीन रस्ते आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

पहिला, हात आत जायची गरजच संपवा. पट्टीचा माल असेल तर रोल फीडर. सुटे ब्लँक असतील तर ड्रॉवरसारखी सरकती थाळी: बाहेर ओढायची, ब्लँक ठेवायचा, आत ढकलायची. जॉब बाहेर काढायला हवेचा फवारा किंवा स्प्रिंग इजेक्टर, स्क्रॅपला उतरती पन्हळ. यातले निम्मे काम आपला टूलरूमवाला भंगारातल्या पट्ट्यांतून करतो, फक्त डाय बनवतानाच त्याला सांगायला हवे.

दुसरा, डायच्या भोवती पक्का गार्ड. पत्र्याचा किंवा पॉलिकार्बोनेटचा, नट-बोल्टने कसलेला, माल सरकवायला फक्त फट. फट केवढी? आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय मानकात याचा तक्ता आहे आणि तो भिंतीवर लावण्यासारखा आहे. फट ६ मिमीपर्यंत असेल तर धोक्याची जागा तिच्यापासून निदान १० मिमी आत हवी. ८ मिमीपर्यंत २० मिमी, १० पर्यंत ८० मिमी, १२ पर्यंत १०० मिमी, २० पर्यंत १२० मिमी. आणि २० च्या पुढे ३० मिमीपर्यंत गेलात की आकडा एकदम ८५० मिमीवर उडी मारतो, कारण त्या फटीतून हात खांद्यापर्यंत आत जातो. म्हणूनच "जॉब नीट सरकत नाही, फट जरा वाढवून द्या" ही मागणी आली की टेप घेऊन जायचे. १८ ची २२ केली तर चार मिलिमीटर वाढत नाहीत, अख्खा गार्ड निकामी होतो.

तिसरा, क्लच बदलून न्यूमॅटिक क्लच-ब्रेक बसवा. यंत्राचा सांगाडा, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगे धड असतील तर हे पैसे वसूल होतात. शाफ्टला तडा आहे का ते आधी तपासून घ्या. नसेल परवडत आणि वरचे दोन्ही रस्तेही बसत नसतील, तर ती प्रेस विका, भंगारात विका. चालू प्रेस म्हणून शेजारच्या शेडला विकू नका. आपली जबाबदारी संपते, पण बोटे तिथली जातात.

चिमटे आणि मॅग्नेटिक पिकर जरूर द्या, पण त्यांना संरक्षण म्हणू नका. चिमटा हरवला, तुटला, लॉट घाईचा निघाला की हातच जातो. मनगटाला बांधून रॅमबरोबर हात मागे ओढणारे पट्टेही मिळतात. ते माणसागणिक, डायगणिक जुळवावे लागतात आणि कुणालाही आवडत नाहीत. चार दिवसांनी खुंटीला लटकलेले दिसतात.

थांबत असेल तर: किती वेळात थांबते?

आता खऱ्या न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसकडे या. थांबते हे कळले, पण किती वेळात? कर्टन कुठे बसवायचा हे याच एका आकड्यावर ठरते, आणि दहातल्या आठ ठिकाणी हा आकडा कुणीच मोजलेला नसतो. बसवणारा टेक्निशियन ऑपरेटरला विचारतो, "इथे चालेल ना?" ऑपरेटर जॉब धरून बघतो आणि म्हणतो, "अजून थोडा आत घ्या, हात पोचत नाही." झाले अंतर नक्की!

नीट मोजायला स्टॉप-टाइम मीटर असतो. रॅमला दोरीचा सेन्सर बांधायचा आणि मीटरनेच थांबायचा सिग्नल द्यायचा. चांगल्या कर्टनवाल्याकडे तो असतोच. विकत घेण्याआधी "मोजून देणार का, लेखी देणार का" हे विचारा. मोजताना थांबायचा सिग्नल रॅम खाली येताना साधारण ९० अंशाच्या आसपास द्यायचा, कारण रॅमचा वेग तिथेच जास्त असतो. यंत्र तापल्यावर, रोजच्या डायइतके वजन लटकलेले असताना, दहा वेळा मोजा. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट आकडा घ्या.

मीटर येईपर्यंत अंदाज घ्यायचा असेल तर खिशातला मोबाइल पुरतो. स्लो मोशनमध्ये बहुतेक फोन सेकंदाला २४० चित्रे घेतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम ४ मिलिसेकंद. कर्टनचा दिवा आणि रॅम दोन्ही एका चौकटीत येतील असा फोन स्टँडवर ठेवा, चालू स्ट्रोकमध्ये लांब काठीने कर्टन तोडा, मग दिवा लाल झाल्यापासून रॅम पुरता स्थिर होईपर्यंतची चित्रे मोजा. ४८ चित्रे आली तर २०० मिलिसेकंद. यात रिले, व्हॉल्व्हमधून हवा निघायला लागलेला वेळ आणि ब्रेक, सगळे आले. कर्टनचा स्वतःचा प्रतिसाद वेळ त्याच्या कागदावर छापलेला असतो, तो वरून मिळवा. हा आकडा फक्त "आपण कुठे आहोत" ते कळण्यापुरता. यावर कर्टन बसवू नका.

जुने मेकॅनिक शाफ्टवर खडूची खूण करून किती अंश पुढे गेला यावरून वेळ काढतात. त्यात एक चूक दडलेली आहे. ब्रेक लागल्यावर शाफ्टचा वेग कमी होत जातो, तरी हिशेब पूर्ण वेगाने धरतात. त्यामुळे वेळ खऱ्यापेक्षा बराच कमी निघतो, कधी निम्म्यापर्यंत. चूक नेमकी धोक्याच्या बाजूची.

अंतराचा हिशेब

आयएसओ १३८५५ मधले सूत्र कागदावर दोन ओळींत बसते. हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरायचा, त्याला एकूण थांबायच्या वेळेने गुणायचे आणि कर्टनच्या बारकाव्याप्रमाणे थोडे जादा मिळवायचे. जादा किती? कर्टनला दिसणारी सगळ्यात बारीक वस्तू जितक्या मिमीची, त्यातून १४ वजा करा आणि ८ ने गुणा. बोट ओळखणारा १४ मिमीचा कर्टन असेल तर जादा शून्य. हात ओळखणारा ३० मिमीचा असेल तर १६ गुणिले ८, म्हणजे १२८ मिमी. उत्तर ५०० च्या वर गेले तर वेग १६०० धरून पुन्हा मांडा, पण ५०० च्या खाली उतरू नका.

एकूण वेळ २१० मिलिसेकंद धरू. १४ मिमीच्या कर्टनला २००० गुणिले ०.२१ म्हणजे ४२० मिमी. ३० मिमीच्या कर्टनला त्यात १२८ मिळवून ५४८ येतात. ते ५०० च्या वर म्हणून १६०० ने पुन्हा मांडले तर ४६४ येतात, म्हणून ५०० धरायचे. ८ सेंटीमीटरचा फरक. छोट्या प्रेसवर ऑपरेटरला बसून काम करता येते की नाही ते या आठ सेंटीमीटरवर ठरते. कर्टन घेताना हजार-दोन हजार वाचवायला ३० चा घेऊ नका, नंतर सगळी शिफ्ट त्याला शिव्या देईल आणि एक दिवस तो बायपास होईल, म्हणजे जोडणी वळवून कोणीतरी त्याला निकामी करेल.

आता ब्रेकचे लायनर झिजले आणि तोच वेळ ३५० मिलिसेकंदांवर गेला असे समजा. १६०० गुणिले ०.३५, म्हणजे ५६० मिमी. तुमचा कर्टन ४२० वरच उभा आहे. १४ सेंटीमीटर आत. दिवे तेच, तपासणीची दांडी टाकली तरी लाल, ऑडिटला पास. म्हणून सहा महिन्यांनी, आणि ब्रेक-क्लचला हात लागला की लगेच, पुन्हा मोजायचे. प्रत्येक स्ट्रोकला थांबायचा कोन स्वतः तपासून जास्त झाला की पुढचा स्ट्रोक नाकारणारे ब्रेक मॉनिटरही मिळतात. एका प्रेससाठी एकच जादा वस्तू घ्यायची म्हणालात तर मी हीच सांगेन.

कर्टन घेताना आणि जोडताना

बाजारात मोजणीसाठी वापरायचे साधे एरिया सेन्सरही मिळतात. दिसायला तेच, किंमत निम्म्याहून कमी. बिघडल्यावर ते "सगळे ठीक" सांगत राहू शकतात. प्रेसला टाइप ४ चाच कर्टन हवा. तो स्वतःची तपासणी सतत करतो आणि त्याला दोन वेगवेगळे सेफ्टी आउटपुट असतात. हे दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेला (प्रेस थांबवणाऱ्या खास स्विचला) जायला हवेत. माझ्या पाहण्यात एक पॅनेल असे आले की दोन्ही वायरी एकाच टर्मिनलला पिळून साध्या पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरच्या) एका इनपुटला दिल्या होत्या. दोनाचे एक केले म्हणजे टाइप ४ चे पैसे पाण्यात.

तीच गोष्ट व्हॉल्व्हची. क्लचला हवा देणारा व्हॉल्व्ह एकटा असेल आणि तो कचऱ्याने उघडा अडकला, तर वरचे सगळे इलेक्ट्रॉनिक्स ओरडत राहील आणि हवा क्लचमध्येच राहील. प्रेससाठी जोड व्हॉल्व्ह येतो. दोनपैकी एक अडकला तरी दुसरा हवा सोडतो आणि बिघाड काढल्याशिवाय पुढचा स्ट्रोक मिळत नाही. कॉम्प्रेसरचे पाणी-तेल काढणारा फिल्टर रोज सांडून घ्या, व्हॉल्व्हचे आयुष्य त्यावर आहे.

बसवल्यावर बाजूंनी आणि मागून बघा. सी-फ्रेम प्रेस तिन्ही बाजूंनी उघडी असते, कर्टन फक्त समोर. मागून स्क्रॅप काढणारा हेल्पर कोणाला दिसणार? बाजू आणि मागची जागा पत्र्याने बंद करा. कर्टन आणि प्रेस यांच्यामध्ये माणूस उभा राहू शकत असेल तर तीही जागा अडवा. चकचकीत पत्र्याचे ढीग किंवा पॉलिश केलेला गार्ड किरणांच्या अगदी जवळ ठेवू नका. प्रकाश तिथून परावर्तित होऊन हात असतानाही कर्टनला रस्ता मोकळा वाटू शकतो. दोन खांबांत तीन मीटरपर्यंत अंतर असेल तर चमकदार पृष्ठभाग किरणांपासून निदान १३-१४ सेंमी दूर हवा. आणि हात बाहेर काढला की प्रेस आपोआप सुरू होता कामा नये, पुन्हा बटण दाबावेच लागले पाहिजे.

दोन हातांची बटणे

थांबणाऱ्या प्रेसवर ही उपयोगी आहेत, अटी तेवढ्या पाळा. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा नाही. मग एका बटणात काडेपेटीची काडी खोचून काम भागत नाही. दोन बटणांत निदान ५५० मिमी अंतर ठेवा, नाहीतर एक हाताने आणि दुसरे कोपराने दाबायची कला महिन्याभरात अख्ख्या शिफ्टला येते. अंतराचा हिशेब इथे १६०० गुणिले वेळ अधिक २५०. वेळ ०.२ सेकंद असेल तर ५७० मिमी. प्रेसवर दोघे असतील तर दोघांना बटणांची वेगवेगळी जोडी. बटणे फक्त दाबणाऱ्याचे हात वाचवतात, शेजारी उभा असलेला हेल्पर उघडाच राहतो.

डाय बदलताना

उत्पादनाच्या वेळी सगळे सावध असतात. डाय सेटिंगला गार्ड काढलेला, कर्टन बंद केलेला आणि दोन्ही हात रॅमखाली. मी या कामात वीस वर्षे काढली, त्यामुळे इथे थोडा कडक बोलतो.

मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असे नव्हे. फ्लायव्हील पुढे बराच वेळ फिरत राहते आणि त्यातला एक स्ट्रोक हात घ्यायला पुरेसा असतो. मेन स्विच बंद, त्याला तुमचे स्वतःचे कुलूप, किल्ली तुमच्या खिशात. हवेचा मेन कॉक बंद करून साठलेली हवा सोडून द्या. फ्लायव्हील डोळ्यांनी थांबलेले बघा. मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. लाकडाचा ओंडका किंवा सापडलेला गजाचा तुकडा चालणार नाही. रॅम आणि वरच्या डायचे वजन पेलेल असा मापाचा धातूचा ठोकळा हवा. त्याला साखळीने एक प्लग बांधा: ठोकळा खुंटीवरून काढला की प्लग निघतो आणि मोटरचा कंट्रोल तुटतो. म्हणजे ठोकळा आत विसरून कोणी प्रेस चालू करू शकत नाही. ही जोडणी आपला इलेक्ट्रिशियन एका दुपारी करतो.

आमच्याकडे एक वयस्क सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुलूप लावायचा कंटाळा केलेल्या पोराला ते ओरडायचे नाहीत. त्याचे काम चालू असताना शांतपणे त्याच्या स्विचला आपले कुलूप लावायचे आणि चहाला निघून जायचे. पोरगा डाय लावून प्रेस चालू करायला जायचा तर स्विच बंद. अर्धा तास शोधाशोध. "मामा, किल्ली द्या ना." "तुझं कुलूप कुठंय ते आधी दाखव, बाळा."

जुळवणीसाठी रॅम थोडा थोडा हलवायचा असेल तर इंचिंग मोड, तोही दोन हातांच्या बटणांवर. मोड बदलायच्या स्विचची चावी प्रेसला लटकवून ठेवायची नाही. ती सेटरकडे किंवा शिफ्ट सुपरवायझरकडे, आणि वहीत सही.

रोजची दांडी आणि बायपास

कर्टनसोबत एक तपासणीची दांडी येते, १४ मिमीच्या कर्टनला १४ मिमी जाडीची. बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच राहते. ती प्रेसला साखळीने बांधा. शिफ्ट सुरू होताना दांडी वरून खालपर्यंत सावकाश फिरवायची: एकदा मध्यभागी, एकदा एका खांबाजवळ, एकदा दुसऱ्या खांबाजवळ. दिवा पूर्ण वेळ लाल राहिला पाहिजे, क्षणभरही हिरवा नाही. मग रिकाम्या स्ट्रोकमध्ये दांडीने कर्टन तोडायचा, रॅम थांबला पाहिजे. दोन मिनिटांचे काम. हात घालून तपासायचे नाही, कधीच नाही.

बायपास झालेला सापडला तर आधी ओरडू नका, आधी विचारा. मला मिळालेली उत्तरे: जॉब रुंद आहे, त्याचीच कड कर्टन तोडते. तेलाचा धूर काचेवर बसून उगाच ट्रिप होते. कर्टन इतका लांब की दिवसअखेर पाठ धरते. ही तिन्ही उत्तरे खरी असू शकतात आणि तिन्हींवर उपाय आहेत: जॉबसाठी आधाराची थाळी, काच पुसायची ठरलेली वेळ, ब्रेक दुरुस्त करून कमी केलेले अंतर. चौथे उत्तर, "टार्गेट बसत नाही," हे मात्र मालकांच्या केबिनमध्ये न्यायचे असते.

आताशा कॅमेऱ्यातून हात ओळखणारी, मोबाइलवर सूचना पाठवणारी यंत्रणा विकायला लोक येतात. घ्या हवी तर, पण ती प्रेस थांबवण्याचे साधन म्हणून नको. तिचा खरा उपयोग वेगळा: स्ट्रोक चालू असताना कर्टन कुठल्या प्रेसवर, कुठल्या तासाला, कुठल्या डायवर जास्त वेळा तुटतो ते कळणे. हे तर साध्या पीएलसीच्या काउंटरमधूनही मिळते. एखाद्या डायवर हा आकडा एकदम वाढला तर जॉब अडकतोय आणि हात आत जातोय. मग डाय टूलरूमला पाठवायची, ऑपरेटरला मेमो द्यायचा नाही. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे बिल्ले लावतो त्या दिवशी पोस्टरऐवजी या आकड्यांचा कागद लावून बघा.

तरीही झालेच तर

हे आधी ठरवून ठेवायचे असते. हात अडकला तर रॅम कुठल्या बाजूने मोकळा होतो, शाफ्ट फिरवायचा दांडा कुठे आहे, हे प्रत्येक शिफ्टमधल्या दोघांना तरी माहीत हवे. घाबरून कोणीतरी बटण दाबते आणि रॅम पुन्हा खाली येतो, असे होते. म्हणून आधी मोटर बंद, फ्लायव्हील थांबलेले, मग दांडा.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. तुटलेले बोट मिळाले तर सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात आणि जोडायची आशा संपते. हाताची मायक्रोसर्जरी होणारे सगळ्यात जवळचे हॉस्पिटल कोणते ते आजच शोधून १०८ च्या शेजारी भिंतीवर लिहा. वाटेत दोन दवाखाने बदलण्यात जो वेळ जातो तो परत येत नाही.

ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) नाव कामाच्या पहिल्याच दिवशी नोंदवलेले असावे, ठेकेदाराच्या माणसाचेही. अपघातानंतर रात्री घाईने काढलेले कार्ड सगळ्यांना ओळखता येते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अख्ख्या तर्जनीला १४ टक्के आणि अंगठ्याला ३० टक्के कमाईची क्षमता गेल्याचे धरले होते. हे आकडे एकदा मालकांनाही वाचून दाखवा.

आणि ती प्रेस धुऊन-पुसून तासाभरात चालू करायची नाही. की, स्प्रिंग, व्हॉल्व्ह, बायपासची चावी कुठल्या स्थितीत होती त्याचे फोटो काढा, कोणी काही हलवायच्या आत. थांबायचा वेळ पुन्हा मोजा, तो आकडा पहिल्या वहीत त्या प्रेसच्या ओळीत जुन्या आकड्याशेजारी लिहा, अंतर पुन्हा काढा. चालू करायची सही प्रॉडक्शनवाल्याची नाही, मेंटेनन्सवाल्याची, आणि त्याआधी दांडी वरून खालपर्यंत तीन वेळा.